सँक्शन लेटरची तारीख संपत आलीय आणि खरेदीखत अजून झालेलं नाही

"मामा, सहा डिसेंबरला लेटर संपतंय, आणि वकील म्हणतात अजून चार सह्या यायच्या आहेत."

भाचीचा हा फोन आला तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. ती गोव्यात फोंड्यातल्या एका शाळेत शिक्षिका, नवरा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. दोघांनी मिळून कुर्टीला एक जुना फ्लॅट बघितला होता. किंमत ५० लाख. बँकेने जूनमध्येच ४० लाखांचं कर्ज मंजूर केलं, पत्र हातात आलं, घरी पेढे वाटले गेले. विकणाऱ्या वयस्क बाई एकट्याच भेटत होत्या आणि फ्लॅट त्यांच्याच नावावर होता. "महिन्याभरात सेल डीड करू," असं ठरलं. पाच महिने होत आले, तरी सेल डीडचा, म्हणजे खरेदीखताचा, पत्ता नव्हता आणि मंजुरीच्या पत्रावरची तारीख जवळ येत होती.

माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण असे फोन अजून येतात. ती तारीख बघून लोक इतके घाबरतात की घाईत नको ते करून बसतात, हे मी काउंटरच्या आतून वर्षानुवर्षं पाहिलं आहे. म्हणून भाचीला जे सांगितलं, ते जरा सविस्तर इथे लिहितो.

आधी हे पत्र म्हणजे नेमकं काय ते बघू. सँक्शन लेटर म्हणजे पैसे नव्हेत. त्या दिवशीचा तुमचा पगार, तुमची बाकीची कर्जं, तुमचा सिबिल स्कोअर आणि तुमचं वय बघून बँक म्हणते, "या माणसाला इतकं कर्ज द्यायला आमची हरकत नाही, पण घराचे कागद आमच्या वकिलाला पटले आणि आमच्या व्हॅल्युअरने किंमत मान्य केली तर." हा 'तर' पत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत असतो. पैसे प्रत्यक्ष सुटतात त्याला डिस्बर्समेंट म्हणतात. मंजुरी आणि डिस्बर्समेंट यांच्यामध्ये किती दिवस जाऊ शकतात, तेवढंच ती तारीख सांगते. ही मुदत साधारण तीन ते सहा महिन्यांची असते. प्रत्येक बँकेचा नियम वेगळा, त्यामुळे शेजाऱ्याच्या पत्रात काय होतं ते विचारात न घेता आपलं पत्र काढून वाचावं. काही पत्रांत मुदत मंजुरीच्या तारखेपासून मोजतात, काहींत 'कर्जाची पहिली रक्कम अमुक तारखेच्या आत उचलली पाहिजे' असं लिहिलेलं असतं. दोन्हींत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात एकदा पहिली रक्कम सुटली की पुढच्या रकमांना वेगळ्या अटी लागू होतात.

बँक ही तारीख का घालते? लोकांना वाटतं, दबाव आणायला. तसं नाही. माणसाची परिस्थिती सहा महिन्यांत पालटते, म्हणून. गोव्यात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. डिचोली, सांगे भागात ज्यांच्या घराचं उत्पन्न ट्रकवर होतं, त्यांची जानेवारीतली उत्पन्नाची कागदपत्रं एप्रिलमध्ये खरी राहिली नाहीत. जहाजावर काम करणाऱ्या आपल्या शिपी मुलांचंही तसंच. कॉन्ट्रॅक्ट चालू असताना मंजुरी मिळते, आणि खरेदीखत होईपर्यंत मुलगा कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आलेला असतो. मग बँक पुढच्या कॉन्ट्रॅक्टचं पत्र मागते. ते हातात नसेल तर फाइल थांबते. हे आधीच ओळखून, घरी परतण्यापूर्वी कंपनीकडून पुन्हा बोलावणार असल्याचं काही लेखी मिळत असेल तर घेऊन ठेवावं.

तारीख गेली तर नेमकं काय जातं

भाचीची पहिली भीती होती, "मामा, मिळालेला व्याजदर जाईल ना?"

थोडा जाईल किंवा जाणारही नाही, कारण तो दर कुणी तुमच्यासाठी बांधून ठेवलेलाच नव्हता. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराशी जोडावी लागतात, आणि बहुतेकांनी ती रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते त्याच्याशी, जोडली आहेत. रेपो हलला की निदान तीन महिन्यांतून एकदा तुमचा दर नव्याने ठरतो. मग तुमचं पत्र जूनचं असो की डिसेंबरचं. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहावर गेला. पुढे २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात साडेसहावरून साडेपाचवर उतरला. या चढउतारात ज्यांच्या पत्राची मुदत संपली आणि ज्यांची संपली नाही, त्या दोघांनाही रेपोचा भाग सारखाच लागला.

लक्ष ठेवायचं ते स्प्रेडवर. रेपोच्या वर बँक आपल्यासाठी जे टक्के लावते तो स्प्रेड. तो तुमच्या स्कोअरवर आणि त्या वेळी बँकेची काय योजना चालू आहे त्यावर ठरतो. नव्याने अर्ज करावा लागला तर स्प्रेड नव्याने ठरतो, आणि तो एकदा करारात आला की सहजासहजी हलत नाही. पाव टक्क्याचा फरक म्हणजे किती? ४० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पावणेनऊ टक्क्यांना तो होतो ३५,३४८. महिन्याला सहाशे पस्तीस रुपये, वीस वर्षांत दीड लाखाच्या वर. रक्कम लहान नाही, पण रात्रीची झोप जावी अशीही नाही. शिवाय व्यक्तीने घेतलेलं बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं किंवा दुसऱ्या बँकेत नेलं, तर दंड लावता येत नाही. स्प्रेड महाग पडला तर पुढे कर्ज हलवता येतं.

गृहवित्त कंपन्यांना हा रेपोचा नियम लागू नाही, त्या आपला स्वतःचा मूळ दर वापरतात. तिथून कर्ज घेत असाल तर त्यांच्याकडे दर कसा बदलतो ते वेगळं विचारून घ्या.

दर सोडून खरोखर जातं ते हे: व्हॅल्युएशनचा अहवाल जुना होतो आणि पुन्हा करावा लागतो, काही ठिकाणी प्रोसेसिंग फी दुसऱ्यांदा मागतात, पगाराच्या नव्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट द्यावी लागतात, स्कोअर पुन्हा काढला जातो. मधे ३१ मार्च येऊन गेला असेल तर नवा फॉर्म १६ किंवा नवं रिटर्न मागतात. पन्नाशी ओलांडलेल्यांना आणखी एक गोष्ट सोसावी लागते. कर्ज निवृत्तीच्या वयापर्यंत फेडायचं असल्याने उशीर झाला तितकी मुदत आखडते आणि हप्ता वाढतो.

सह्या चार का राहिल्या

आता त्या बाईंच्या फ्लॅटकडे येऊ. गोव्यात उशीर होतो त्याचं सगळ्यात मोठं कारण इथेच आहे, आणि मुंबई-पुण्याकडून इथे घर घ्यायला येणाऱ्यांना ते शेवटपर्यंत कळत नाही.

फ्लॅट बाईंच्या एकटीच्या नावावर होता. अ‍ॅग्रीमेंट, पावत्या, घरपट्टी, सगळ्यावर त्यांचंच नाव. त्या प्रामाणिकपणे म्हणत होत्या, "फ्लॅट माझाच आहे, मीच सही करणार." पण बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने फाइल परत पाठवली. कारण गोव्यात अजून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतलं तत्त्व चालतं. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची मिळून एक. कागदावर नाव कुणाचंही असो, निम्मा हिस्सा जोडीदाराचा. बाईंचे यजमान काही वर्षांपूर्वी वारले होते. म्हणजे फ्लॅटचा निम्मा भाग बाईंचा आणि उरलेला निम्मा यजमानांच्या वारसांचा, म्हणजे तीन मुलांचा. थोरला लिस्बनला, मुलगी साखळीला दिलेली, धाकटा आईजवळ, अविवाहित.

इथवर चार सह्या झाल्या. पण थोरल्याला वारसाने जे मिळालं त्यात त्याच्या बायकोचाही निम्मा वाटा येतो आणि मुलीच्या वाट्यात जावयाचा. दोघंही विक्रीपत्रावर हवेत. एकूण सह्या सहा. आई आणि धाकटा तयार होते. साखळीची दोघं आणि लिस्बनची दोघं मिळून चार बाकी. भाचीचे वकील म्हणत होते ते हेच.

त्याआधी हे सहा जण आणि हेच सहा जण हक्कदार आहेत, हे ठरवणारा वारसा दस्त लागतो. तो उपनिबंधकापुढे, त्याच्या विशेष नोटरी या नात्याने, होतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला, लग्नाची आणि जन्माची नोंद, साक्षीदार हे सगळं गोळा करावं लागतं आणि वर्तमानपत्रात नोटीसही छापावी लागते. वारसांमध्ये एकमत नसेल तर न्यायालयात इन्व्हेंटरीची कारवाई, म्हणजे वारसांत मालमत्तेची वाटणी ठरवण्याची, आणि तिला महिने किती लागतील ते सांगता येत नाही. आपल्या खरेदीत कुणी 'इन्व्हेंटरी चालू आहे, लवकरच संपेल' असं म्हटलं, तर सँक्शन लेटरची तारीख विसरून जा आणि ती कारवाई संपल्यावरच कर्जाचा अर्ज करा. मी हे मनापासून सांगतोय.

लिस्बनचा भाग निराळाच. थोरल्याने मुखत्यारपत्र करून पाठवायचं ठरवलं. परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर तिथे अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, करून घ्यावी लागते, पोर्तुगीजमध्ये असेल तर त्याचं भाषांतर, आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट कराची. विक्रेता अनिवासी असेल तर त्याच्या वाट्यातून कर कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची आहे. रहिवासी विक्रेत्याच्या बाबतीत ५० लाख किंवा जास्तीच्या व्यवहारावर एक टक्का कापतात. अनिवासी असेल तर ५० लाखांची ती मर्यादाच नाही आणि दर कितीतरी जास्त आहे. विक्रेत्याला कमी कापणीचा दाखला आयकर खात्याकडून आणता येतो, पण त्याला आठवडे लागतात. तुम्ही कर कापला नाही तर खातं तुमच्याकडे येणार, लिस्बनला जाणार नाही.

बाकीची कारणं थोडक्यात. प्लॉट घेत असाल तर जमीन बिगरशेती झाल्याची सनद आणि झोनिंगचा, म्हणजे ती जागा कशासाठी वापरता येते त्याचा, दाखला. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या, उताऱ्यावर मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) नाव लागलेलं असणं. म्युटेशन, म्हणजे नावाचा फेरफार, न झाल्यामुळे उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असणं. कोमुनिदादच्या, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या, जमिनीचा काही संबंध निघणं. नव्या इमारतीत टाउन प्लॅनिंगकडून काम पूर्ण झाल्याचा कम्प्लिशन दाखला मिळाला तरी आरोग्य केंद्राचा ना-हरकत दाखला आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा राहायला परवानगीचा ऑक्युपन्सी दाखला बाकी असणं. यातलं काहीही बँकेचा वकील आणि व्हॅल्युअर सोडत नाहीत आणि सोडूही नये. गोव्यात बनावट कागदांवर जमिनी लाटल्याची इतकी प्रकरणं निघाली की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. वकील जुनी पोर्तुगीज नोंद मागतोय म्हणून त्याच्यावर वैतागू नका. त्याची फी तुम्हीच भरलेली आहे आणि तो तुमचंच काम करतोय.

मग करायचं काय

बँकेत तारीख संपायच्या आधी गेलं पाहिजे. निदान पाच-सहा आठवडे आधी. संपल्यानंतर गेलात तर तुमची फाइल नव्या अर्जासारखी उघडते. आधी गेलात तर त्याला रिव्हॅलिडेशन म्हणतात, म्हणजे त्याच मंजुरीची मुदत वाढवणं, आणि शाखेच्या किंवा त्या वरच्या अधिकाऱ्याच्या अधिकारात ते बसत असेल तर ते सोपं असतं. माझ्या टेबलावर असे अर्ज यायचे तेव्हा मी एकच बघायचो, उशिराला कारण आहे का आणि ते कागदावर दिसतंय का. 'सेलरची अडचण आहे' असं तोंडी सांगणाऱ्यापेक्षा वारसा दस्तासाठी दिलेल्या अर्जाची पोचपावती जोडणाऱ्याचं काम आधी व्हायचं.

भाचीकडून मी ईमेल लिहून घेतला. चार ओळींचाच. मंजुरीचा क्रमांक आणि तारीख, उशिराचं कारण आणि त्याचा पुरावा, खरेदीखत साधारण कधी होईल ते, आणि अमुक तारखेपर्यंत मुदत वाढवून मिळावी ही विनंती. खाली प्रश्न: कर्जाची रक्कम तीच राहील का, स्प्रेड तोच राहील का, फी पुन्हा लागेल का आणि किती, आणि वकिलाचा व व्हॅल्युअरचा अहवाल तोच चालेल का. उत्तर ईमेलवरच मागायचं. शाखेत साहेब हसून "होईल हो" म्हणतात आणि पुढच्या महिन्यात त्यांची बदली होते. त्यांच्या हसण्याची नोंद फाइलमध्ये नसते.

नव्या मुदतीचं पत्र आलं की त्यासोबतचं की फॅक्ट स्टेटमेंटही तपासा. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी हा तक्ता देणं बंधनकारक आहे. व्याज आणि सगळे खर्च धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतात ते त्यात एका जागी लिहिलेलं असतं, आणि त्यात न लिहिलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

या मधल्या काळात स्वतःची आर्थिक बाजू अजिबात हलवायची नाही. हे सोपं वाटतं, पण इथेच सगळ्यात जास्त फाइली अडतात. भाचीच्या नवऱ्याने गणेश चवथीच्या सुमारास गाडी बुक करायचं मनात आणलं होतं. मी त्याला गणित करून दाखवलं. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ७० हजार धरला आणि बँक निम्मा हप्त्यांसाठी मोजते असं मानलं, तर ३५ हजारांपर्यंतचा हप्ता बसतो. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांना दर लाखामागे हप्ता ८६८ रुपये. म्हणजे कर्ज सुमारे ४० लाख. गाडीचा नऊ हजारांचा हप्ता चालू झाला की घरासाठी उरतात २६ हजार, आणि कर्ज उतरतं ३० लाखांवर. एका गाडीने घराचे दहा लाख खाल्ले. त्याने बुकिंग पुढे ढकललं. मोबाइल हप्त्याने घेणं, मित्राला जामीन राहणं, क्रेडिट कार्डाची पूर्ण मर्यादा वापरणं, नोकरी बदलणं, हे सगळं यातच आलं. नोकरी बदलायची संधी खरोखर चांगली असेल तर घ्या, पण बँकेला आधी सांगा. डिस्बर्समेंटच्या आदल्या दिवशी कळलं तर ती पैसे थांबवू शकते.

घाबरून एकाच वेळी तीन-चार बँकांत अर्ज टाकणंही टाळा. प्रत्येक अर्जावर तुमचा स्कोअर तपासला जातो, आणि थोड्या दिवसांत खूप तपासण्या दिसल्या की तो खाली येतो. दुसरीकडे जायचंच असेल तर एक बँक निवडून जा.

आणखी एक युक्ती लोक एकमेकांना सांगतात. तारीख संपण्याआधी थोडीशी रक्कम उचलून घ्यायची, म्हणजे मंजुरी जिवंत राहते. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत, करार नोंदलेला असेल आणि जितकं काम झालंय त्या टप्प्याची रक्कम देणं असेल, तर यात गैर काही नाही. पण काम न होता पैसे देऊ नका. बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच पैसे सोडावेत असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलेलं आहे, आणि रक्कम सुटल्याच्या दिवसापासून तुमचं व्याज सुरू होतं. घरभाडं आणि प्री-ईएमआय (पूर्ण हप्ता सुरू होण्याआधीचं नुसतं व्याज) एकदम भरणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. महिना भागवता भागवता त्यांची ओढाताण होते. जुन्या फ्लॅटच्या खरेदीत तर ही युक्ती चालतच नाही. हक्कदारांच्या सह्या पूर्ण नसताना बँक पैसे सोडणार नाही. तिने सोडावे म्हणून 'सध्या बाईंची एकटीची सही घेऊ, बाकीचं मागाहून बघू' असं कुणी सुचवलं, तर तिथून उठून या. मंजुरी पुन्हा मिळते. अर्धा फ्लॅट विकत घेतला तर उरलेला अर्धा कुठल्या भावाने मिळेल ते लिस्बनचा माणूस ठरवतो.

बँकेपेक्षा जास्त लक्ष विक्रेत्याशी केलेल्या करारावर द्या. विसाराचे पाच लाख भाचीने दिले होते, आणि करारात 'चार महिन्यांत खरेदी न झाल्यास विसार जप्त' असं सरळ वाक्य होतं. उशीर कुणामुळे, हे त्यात नव्हतंच. आम्ही विक्रेत्या बाईंकडे जाऊन बोललो. बाई भल्या होत्या, पण त्यांचीही भीती खरी होती की हे लोक मधेच निघून जातील. शेवटी पुरवणी करार झाला. विक्रेत्याकडून वारसा दस्त आणि सर्वांची मुखत्यारपत्रं मिळाल्याच्या दिवसापासून ४५ दिवसांत खरेदी होणार. बँकेच्या वकिलाने हक्क स्पष्ट नाही म्हणून नकार दिला तर विसार पूर्ण परत. किंमत ५० लाखच राहणार. हे शेवटचं वाक्य विसरू नका. किंमत वाढली तरी कर्जाची रक्कम आपोआप वाढत नाही, वरचा फरक खिशातून जातो. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच बँक देऊ शकते, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत. ते पैसे वेगळे बाजूला ठेवलेले हवेत आणि या सहा महिन्यांत त्यांना हात लावायचा नाही.

उशीर बिल्डरचा असेल तर तुमच्या हातात रेराचा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा, कायदा आहे. नोंदणीकृत करार न करता १० टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेता येत नाही. ठरलेल्या तारखेला ताबा दिला नाही तर २०१६ च्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे तुम्ही बाहेर पडून पैसे व्याजासह परत मागू शकता, किंवा थांबायचं ठरवलंत तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याच्या उशिराचं व्याज मागू शकता. गोव्याचं रेरा प्राधिकरण पणजीत आहे. तक्रार करण्यापूर्वी त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी आणि बिल्डरने स्वतः दिलेली पूर्णतेची तारीख बघून घ्या. आपल्याला तोंडी सांगितलेली तारीख आणि तिथली तारीख पुष्कळदा जुळत नाहीत, आणि तीच तारीख बँकेलाही दाखवता येते.

बँकेने मुदत वाढवायला नकार दिला तर कारण लेखी मागा. कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय आहे, त्यावर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल काही करत नाही. पण ईमेलला उत्तरच दिलं नाही, न सांगितलेली फी कापली, कागद हरवले, अशा सेवेतल्या चुकांसाठी आधी बँकेकडे तक्रार करायची, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे. त्याला पैसे पडत नाहीत.

भाचीची मुदत ६ मार्चपर्यंत वाढली. स्प्रेड तोच राहिला. व्हॅल्युएशन मात्र पुन्हा करायला लागलं, त्याची फी तिने भरली आणि पगाराच्या नव्या स्लिपा दिल्या. लिस्बनचं मुखत्यारपत्र डिसेंबरच्या शेवटी आलं. त्यावर थोरल्याच्या बायकोचं नाव पासपोर्टप्रमाणे एक आणि लग्नाच्या नोंदीत दुसरं होतं. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं, त्यात आणखी पंधरा दिवस गेले.

जानेवारीत एका गुरुवारी बँकेने विक्रेत्यांच्या नावाचे डिमांड ड्राफ्ट काढले आणि शुक्रवारी नोंदणी ठरली. त्या दिवशी साखळीचे जावई आजारी पडले आणि नोंदणी सोमवारवर गेली. ड्राफ्ट बँकेच्या कपाटातच राहिले. भाचीने त्याच दिवशी शाखेला लिहून कळवलं की व्याज ड्राफ्टच्या तारखेपासून न लावता ते प्रत्यक्ष हातात दिल्याच्या दिवसापासून लावावं. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना हे स्पष्ट सांगितलं आहे. ४० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी दिवसाचं व्याज नऊशे रुपयांच्या वर होतं, म्हणजे चार दिवसांचे तीन हजार सातशे. व्याज सोमवारपासून लागलं.

सोमवारी फोंड्याच्या उपनिबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावर सगळे बसले होते. बाईंनी ड्राफ्ट दोनदा वाचला, घडी न घालता प्लास्टिकच्या पिशवीत सरळ ठेवला, आणि किल्ल्यांचा जुडगा भाचीच्या हातात देत म्हणाल्या, "स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी जरा घट्ट आहे, पावसाच्या आधी तेल घाल."